आधी फरशी, मग चित्रं

प्रश्न असा आहे: जुन्या कारखान्याच्या इमारतीत केलेल्या समकालीन कलेच्या संग्रहालयात पहिल्यांदाच जायचंय. हातात तीन तास आहेत, सोबत सत्तरीच्या सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. "मला आधुनिक कलेतलं काहीच कळत नाही. तिथे बघायचं काय आणि कसं?"

मी अशाच इमारतींमध्ये कलाकृती उभ्या करायचं काम करतो. चित्रं टांगायची, मांडणशिल्पं जोडायची, खोकी उघडायची, प्रदर्शन संपलं की सगळं परत त्याच खोक्यांत भरायचं. पाणसळ आणि ओळंबा घेऊन शिडीवर चढण्यात बावीस वर्षं गेली. कलेचा इतिहास मी कुठे शिकलेलो नाही, जे कळलं ते खिळे ठोकताना कळलं. तेव्हा उत्तरही त्याच बाजूनं येईल.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं कलाकृतींकडे बघूच नका. खाली फरशी बघा, मग वर छप्पर, मग उजेड कुठून येतोय ते. फरशीत ओळीनं बुजवलेली चौकोनी भोकं दिसली, तर तिथे यंत्रांचे बोल्ट होते. खांबांना छताजवळ लोखंडी कान फुटलेले दिसले, तर त्यांवरून शाफ्ट, म्हणजे लांब लोखंडी दांडा, फिरत असे आणि शाफ्टवरून पट्टे खाली प्रत्येक यंत्राला येत. भिंतीवर माणसाच्या कमरेएवढ्या उंचीला एक काळपट रेघ दिसली, तर तिथून वर्षानुवर्षं ढकलगाड्या घासत गेल्यात. हे सगळं मुलाला शोधायला लावा. नऊ वर्षांच्या पोराला "चित्र बघ" म्हटलं की तो कंटाळतो, आणि "इथे मशीन कुठे होतं ते शोध" म्हटलं की तुमच्या पुढे पळतो.

हे मी वेळ काढायला सांगत नाहीये. अशा संग्रहालयांतली निम्मी मोठी कामं त्या इमारतीला दिलेलं उत्तर असतं. इमारत न बघता नुसती कलाकृती बघितली, तर फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखं होतं. मग माणूस घरी येऊन म्हणतो, मला काही कळलं नाही. कसं कळणार?

लंडनच्या टेट मॉडर्नचं उदाहरण घ्या. ते मुळात बँकसाइडचं वीजकेंद्र. वास्तुकार सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट, म्हणजे लंडनचा तो लाल टेलिफोन बूथ ज्यांनी काढला तेच. १९८१ साली केंद्र बंद पडलं आणि २००० मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. मधला टर्बाइन हॉल १५५ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच आहे. एवढी जागा कुठल्याही कलाकाराच्या स्टुडिओत नसते. कलाकारानं घरून काहीतरी करून आणलं आणि इथे ठेवलं, तर ते टपरीसारखं दिसेल. त्यामुळे ज्यांना हा हॉल मिळाला त्यांनी हॉललाच हात घातला. ओलाफुर एलियासन यांनी २००३ मध्ये छताला आरसे लावले आणि टोकाच्या भिंतीवर पिवळ्या दिव्यांचा अर्धाच गोल लावला. उरलेला अर्धा आरशात दिसून सूर्य पुरा झाला. लोक फरशीवर उताणे पडून वर स्वतःचं ठिपक्याएवढं प्रतिबिंब शोधायचे. त्यांनी वापरली ती उंची. डोरिस साल्सेदो यांनी २००७ मध्ये बरोबर उलटं केलं. वरचा सगळा अवकाश रिकामा ठेवला आणि फरशीतून १६७ मीटरची भेग काढली. सुरुवातीला केसाएवढी, पुढे पाय अडकेल एवढी. प्रदर्शन संपल्यावर भेग भरून काढली, पण व्रण अजून दिसतो. पुढे कधी तिथे गेलात तर मुलाला तो शोधायला सांगा. आधी फरशी बघा म्हणतो ते यासाठीही.

त्याच हॉलमध्ये २०१० साली आय वेवे यांनी चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या. एकेक बी हातानं रंगवलेली. लोकांनी त्यांवरून चालावं अशी कल्पना होती. दोनेक दिवस चाललेही, मग बिया घासून उडणाऱ्या धुळीमुळे बंद करावं लागलं आणि उरलेले महिने लोकांनी कडेनं बघितल्या. कलासमीक्षक यावर बरंच काही लिहितील, मला मात्र ती बातमी वाचून आमच्यातल्यांची दया आली. धूळ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना शत्रू आहे, आणि कारखान्याच्या इमारतीत तो तुळयांवर दबा धरून बसलेला असतो. शंभर वर्षांचा.

आता इमारत कुठल्या प्रकारची आहे ते ओळखा, कारण आत काय बघायला मिळेल ते निम्मं त्यावरूनच ठरतं. वीजकेंद्र असेल तर मधोमध खांब नसतात. टर्बाइन उचलायला वरून क्रेन फिरावी लागायची, तिच्या वाटेत खांब चालायचा नाही. म्हणून तिथे एकच प्रचंड रिकामी पोकळी मिळते आणि एकेकच प्रचंड काम. जुनी बहुमजली गिरणी असेल तर उलट, लोखंडी खांबांचं रानच. इमारत अरुंद आणि लांब, दोन्ही बाजूंनी खिडक्या, कारण बांधली तेव्हा विजेचे दिवे नव्हते आणि मधल्या यंत्रापर्यंत दिवसाचा उजेड पोचायला हवा होता. तिथे मोठं शिल्प मावत नाही. मालिका शोभतात, रांगेनं मांडायच्या गोष्टी शोभतात. चांगला क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणारा, खांबांची लय धरून मांडणी करतो. वाईट क्युरेटर खांब लपवायला खोट्या भिंती उभारतो आणि आम्हाला महिनाभर जिप्समची पूड खायला लावतो.

धान्याचं कोठार सगळ्यांत अवघड, कारण आत मजलेच नसतात, नुसत्या उभ्या नळ्या. केपटाउनचं झाइट्झ संग्रहालय अशा ४२ काँक्रीट नळ्यांच्या कोठारात आहे, २०१७ मध्ये उघडलं. डिझायनर थॉमस हेदरविक यांच्या चमूनं मक्याच्या एका दाण्याचा आकार मोजून घेतला, तो इमारतीएवढा मोठा केला आणि नळ्यांच्या मधोमध तेवढी पोकळी कापून काढली. नळ्या तिरप्या कापल्या गेल्या की कडा कशा वळतात ते तिथे बघण्यासारखं आहे. माझ्या मते त्या इमारतीतलं सगळ्यात चांगलं शिल्प ती पोकळीच. पण चित्र टांगायला सरळ भिंत हवी, आणि नळीला सरळ भिंत नसते. म्हणून दालनं वेगळी, साधी, चौकोनी करावी लागली. इंग्लंडमध्ये गेट्सहेडला पिठाच्या गिरणीचं बाल्टिक नावाचं कलाकेंद्र झालं, २००२ मध्ये. तिथे दोन बाजूंच्या विटांच्या भिंती ठेवल्या, आतल्या धान्याच्या कोठ्या पार काढल्या आणि मध्ये नवे मजले घातले. बाहेरून जुनं वाटतं, आत गेलं की नवंकोरं. फसवणूक म्हणा हवं तर, पण चित्र टांगणाऱ्याला तिथे सुख आहे.

उजेडाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही. कारखान्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असेल तर थांबून वर बघा. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि बंद असते, दुसरी उभी आणि काचेची. काचेचं तोंड उत्तरेकडे ठेवतात (विषुववृत्ताच्या खाली गेलात तर दक्षिणेकडे), म्हणजे थेट ऊन आत येत नाही, पसरलेला सारखा उजेड येतो. सूत तुटलंय का, रंग बरोबर उतरलाय का हे बघायला कामगाराला असाच उजेड लागायचा. चित्र बघायलाही नेमका तोच लागतो. न्यूयॉर्क राज्यातलं डिया बीकन हे संग्रहालय १९२९ साली बिस्किटांच्या खोक्यांची छपाई करायला बांधलेल्या कारखान्यात आहे, २००३ पासून. तिथली बहुतेक दालनं दिवसाच्या उजेडावरच चालतात. ढग आला की भिंतीवरचं काम बदलतं. तिथे फ्रेड सँडबॅक यांचं काम आहे, फरशीपासून छतापर्यंत ताणलेला नुसता लोकरीसारखा धागा. थोडं बाजूला सरकलं की त्या धाग्यांच्या मध्ये काच उभी आहे असा भास होतो, लोक हात पुढे करून बघतात. ट्यूबलाइटखाली ते काम उभंच राहिलं नसतं.

तुमच्या संग्रहालयाला असं छप्पर असेल तर त्या दालनात दोनदा जा, एकदा आल्या आल्या आणि एकदा निघताना. तीन तासांत उजेड किती हललाय ते दिसेल.

मग मधूनच एखादी खोली एकदम अंधारी का? तर कागद, छायाचित्रं आणि कापड यांना उजेड खातो. रंग उडतो तो परत येत नाही. म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर प्रकाश टाकत नाहीत. तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. कारखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये दमट हवा आणि तापमान आवाक्यात ठेवणं महागात पडतं, त्यामुळे नाजूक कामांसाठी हॉलच्या पोटात वेगळी बंद पेटी बांधतात, खोलीत खोली. बाहेर पोलाद, काँक्रीट, दोरखंड, पडद्यावरची चित्रफीत, आत कागद. त्या अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर लगेच पुढे जाऊ नका. दाराशी भिंतीला टेकून दोनचार मिनिटं उभे राहा, डोळे सरावू द्या. सासूबाईंचा हात धरा. वाढत्या वयात डोळ्यांना अंधार सरावायला जास्त वेळ लागतो, आणि अशा खोल्यांच्या उंबऱ्यावर बरेचदा वायरी झाकणारी पट्टी उंच झालेली असते. ती आम्हीच लावतो, म्हणून सांगतोय.

परत फरशीकडे येतो. घराच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. जड यंत्रांच्या कारखान्यात १००० किलोपर्यंत. म्हणजे जे शिल्प नव्या चकचकीत गॅलरीत नेलं तर इंजिनिअर डोक्याला हात लावेल, ते इथे बिनघोर बसतं. मिलानला रेल्वेची इंजिनं बनवायच्या कारखान्यात पिरेली हँगरबिकोका हे कलाकेंद्र आहे. तिथे आन्सेल्म कीफर यांचे काँक्रीटचे मनोरे २००४ पासून उभे आहेत, एकेक ९० टनांचा, १४ ते १८ मीटर उंच. मालवाहू कंटेनरचे कोपरे साचा म्हणून वापरून ओतलेले. बघताना वाटतं आत्ता कलंडतील, मजल्यांच्या मध्ये तर शिशाची पुस्तकं पाचरीसारखी खोचलीत. माझ्या डोक्यात मात्र तिथे एकच विचार: क्रेन कुठून आत आणली असेल? डिया बीकनमध्येही रिचर्ड सेरा यांच्या पोलादी भिंती जिथे पूर्वी मालगाडी आत येई त्या शेडमध्ये ठेवल्यात. जड माल जिथून आत यायचा तिथेच जड शिल्प बसतं. यात गूढ काही नाही, आणि मला तेच आवडतं.

जुन्या फरशीचा एक माझा प्रसंग. एका गिरणीच्या वरच्या मजल्यावर पांढऱ्या सुती कापडाचं काम लावत होतो, छतापासून सोडलेले बारा पडदे, खालची कड फरशीला जेमतेम टेकलेली. आदल्या दिवशी ओळंब्यानं तपासून सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं, आणि दुपारी बघतो तर चार पडद्यांच्या कडांना पिवळसर तांबूस झालर. लाकडी फळ्या साठसत्तर वर्षं यंत्राचं वंगण प्यायल्या होत्या. गरम झाल्या की ते वर येतं. आम्ही हादरलो. कलाकार बाईंना बोलावलं. त्या वाकून बसल्या, कडेला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाल्या, राहू दे. उरलेले आठ पडदेही हळूहळू तेल पीत गेले. बघायला येणाऱ्यांना ते मुद्दाम केलेलं वाटलं, आणि शेवटी शेवटी ते मुद्दामच होतं. पुढच्या प्रदर्शनापासून मी मात्र कापडाखाली बोटभर जागा सोडतो.

यावरून तुमच्यासारख्या बऱ्याच जणांच्या मनातला प्रश्न येतो: हा भिंतीवरचा डाग कलाकृती आहे की डाग? लाजू नका, आम्हालाही पडतो. पण एवढं लक्षात ठेवा, अशा इमारतीत उडालेला गिलावा, गंजाचा ओघळ, सोललेला रंग यांतलं काहीही चुकून राहिलेलं नसतं. कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला रंगवायचा यावर बैठका झालेल्या असतात. जुन्या रंगात शिसं असतं, त्याची पापुद्री गळू नये म्हणून वरून पारदर्शक थर दिलेला असतो. भिंतीजवळ तिरपं उभं राहून बघा, पोपडे आलेली भिंत हलकी चमकते. म्हणजे तुम्ही बघताय ती जीर्णता सांभाळलेली आहे, जवळजवळ वार्निश केलेली.

आणि इथे माझी एक तक्रार आहे. गंज सांभाळतात, माणसं सांभाळत नाहीत. इमारतीचा वास्तुकार, नूतनीकरणाचा वास्तुकार, देणगीदार यांची नावं दारात कोरलेली असतात. तिथे तीन पाळ्यांत कोण राबलं हे कळायला बरेचदा स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात एखादा फोटो शोधावा लागतो. तो फोटो सापडला तर तिथे थांबा. सासूबाईंना तो दालनांपेक्षा जास्त आवडेल, पैज लावतो.

माहितीपट्टी कधी वाचायची? काम बघून झाल्यावर. आणि वाचलीत तर शेवटून वाचा. वर्ष, साहित्य, मोजमाप. मोजमापाच्या जागी "आकारमान जागेनुसार" असं लिहिलेलं दिसलं, तर ते काम प्रत्येक इमारतीत वेगळं लागतं, आणि तुम्ही बघताय ते या इमारतीपुरतं आहे. वरचा लांबलचक परिच्छेद समजला नाही तर सोडून द्या. त्यातले बरेच मलाही समजत नाहीत, आणि मी ते सरळ रेषेत चिकटवतो.

मुलगा कुठेतरी नक्की म्हणेल, "हे तर मीही काढीन." त्याला ओरडू नका, गोष्ट सांगा. अमेरिकेत मासमोका नावाचं संग्रहालय आहे, कापड छपाईच्या आणि नंतर विजेच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, १९९९ पासून. तिथे सोल लेविट यांची १०५ भित्तिचित्रं तीन मजल्यांवर आहेत आणि ती २०४३ पर्यंत राहणार आहेत. लेविट २००७ मध्ये वारले, चित्रं २००८ मध्ये पुरी झाली. काढली ती पाचसहा डझन लोकांनी, त्यांत बरेचसे विद्यार्थी, लेविट यांनी लिहून ठेवलेल्या सूचनांवरून. चित्रकारानं सूचना लिहायच्या, हात दुसऱ्याचे. तुमच्या मुलाला परतीच्या वाटेत पाच ओळींची सूचना लिहायला सांगा आणि घरी ती तुम्ही जशीच्या तशी पाळून चित्र काढा. "भिंतीच्या मध्यापासून" म्हणजे नेमकं कुठून, यावर भांडण झालं की त्याला लेविट कळले.

बाकीचं भराभर सांगतो. चित्रफितीच्या खोलीबाहेर ती किती मिनिटांची आहे ते लिहिलेलं असतं, बघून आत जा. चाळीस मिनिटांची असेल तर पाच मिनिटं बघून उठण्यात काही गैर नाही. मोठ्या हॉलमध्ये आवाज घुमतो, तुम्ही मुलाला मारलेली हाक भलतीकडून आल्यासारखी वाटेल; एकमेकांपासून लांब गेलात तर भेटायची खूण आधी ठरवा. थंडीत हे हॉल गार असतात, अंगावर काहीतरी ठेवा, सगळं क्लोकरूमला देऊ नका. फोटो काढा, पण फ्लॅश नको. हात लावू नका हे सगळेच सांगतात, कारण कुणी सांगत नाही: उघड्या पोलादाला बोट लागलं की घामातलं मीठ आणि तेल तिथे राहतं, आणि काही आठवड्यांनी तुमच्या बोटाचा ठसा गंज होऊन वर येतो. तो काढायला मला गुडघ्यांवर बसावं लागतं.

दालनात खुर्चीवर बसलेले रखवालदार असतात, त्यांना विचारा. "तुम्हाला यातलं कुठलं आवडतं?" एवढंच. ते एकेका कामासमोर शेकडो तास बसलेले असतात, लोक कुठे थांबतात, कुठे हसतात, मुलं कुठे रडतात हे त्यांना ठाऊक असतं. बहुतेक वेळा ते चकित होतात, मग बोलायला लागतात आणि थांबत नाहीत.

तीन तासांत सगळं बघायला जाऊ नका. मोठा हॉल, त्यानंतर दोन दालनं, मध्ये एकदा बसणं, आणि निघताना पुन्हा मोठा हॉल. बस्स. मालाची जुनी लिफ्ट लोकांसाठी चालू असेल तर जिन्याऐवजी तिनंच वर जा, यंत्रं जशी जायची तशी. कारखान्यात अंतरं फार असतात, एका टोकाला गेल्यावर कळतं की स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला आहे, तेव्हा नकाशा आल्या आल्या घ्या. बऱ्याच संग्रहालयांत दाराजवळच्या टेबलापाशी घडीची हलकी स्टुलं ठेवलेली असतात, फुकट वापरायला. एक मागून घ्या. सासूबाई "मला नको, मी काय म्हातारी झाले का" म्हणतील, तरी घ्या. दुसऱ्या दालनापर्यंत तुम्हीच त्यावर बसलेल्या असाल.